मैदानाचा अनुशेष

बारावीचा निकाल लागला की लासूर स्टेशनच्या बाजारपेठेत महाविद्यालयांचे फलक झळकू लागतात. गंगापूर, वैजापूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील संस्थांची माहितीपत्रके एस.टी. थांब्यापासून झेरॉक्सच्या दुकानापर्यंत सर्वत्र दिसतात. बहुतेक माहितीपत्रकांत ग्रंथालयाचे एक छायाचित्र असते, संगणककक्षाचे एक असते आणि शेवटच्या पानावर हाती चषक घेतलेल्या, नवाकोरा ट्रॅकसूट घातलेल्या चारसहा खेळाडूंचे एक असते. खाली क्रीडाक्षेत्रातील उज्ज्वल परंपरेविषयी एखादे वाक्य असते. शाळेत असताना जिल्हा पातळीवर खो-खो खेळलेली एखादी मुलगी, किंवा पोलीस भरतीसाठी भल्या पहाटे रस्त्यावर १६०० मीटर धावण्याचा सराव करणारा एखादा मुलगा ते छायाचित्र पाहतो, तेव्हा त्याच्या मनात एक साधा प्रश्न उभा राहतो: येथे मी खेळाडू म्हणून वाढेन काय? या प्रश्नाचे उत्तर माहितीपत्रकात नसते. गुरुजनांना विचारावे तर ते म्हणतात, जे जवळ आहे तेथे प्रवेश घे, पुढचे पुढे पाहू.

शेतकरी बैल विकत घेताना त्याचे दात पाहतो, त्याला चालवून पाहतो, खांद्यावरून हात फिरवून पाहतो. त्याच शेतकऱ्याची मुलगी आयुष्यातील तीन मोलाची वर्षे आणि आपले शरीर एका संस्थेच्या स्वाधीन करते, तेव्हा मात्र तिने एका छायाचित्रावर विसंबून राहावे अशी आपली अपेक्षा असते. आमचे म्हणणे असे की विद्यापीठाच्या क्रीडाविभागाची परीक्षा त्याने जिंकलेल्या चषकांवरून करणे ही आत्मवंचना होय. जी मुले निवडली गेली नाहीत, जी हरली, जी जायबंदी झाली, त्यांचे तेथे काय होते यावरूनच ती परीक्षा झाली पाहिजे. आणि ती एकट्यादुकट्या विद्यार्थ्याने गिऱ्हाईक म्हणून नव्हे, तर सर्वांनी मिळून नागरिक म्हणून घेतली पाहिजे.

निवड म्हणजे घडण नव्हे

मराठवाडा विद्यापीठाची स्थापना २३ ऑगस्ट १९५८ रोजी झाली. निजामी राजवटीत शिक्षणाला पारख्या झालेल्या प्रदेशास आपले स्वतःचे विद्यापीठ मिळाले, ही घटना त्या पिढीला स्वातंत्र्याच्या दुसऱ्या पहाटेसारखी वाटली असल्यास नवल नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि त्यानंतर या प्रदेशात दलित वस्त्यांवर जे गुदरले ते विसरता येणारे नाही. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाच्या नावात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आले, ते सोळा वर्षांच्या लढ्यानंतर. ज्या नावासाठी माणसांनी घरेदारे गमावली, त्या नावाचा आशय विद्यापीठाच्या प्रत्येक विभागात उतरला आहे काय, हे विचारण्याचा हक्कही त्याच लढ्याने आपणास दिला आहे. क्रीडाविभाग त्यास अपवाद असू शकत नाही.

आज या विद्यापीठाच्या कक्षेत छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे चार जिल्हे आहेत व त्यास चारशेहून अधिक महाविद्यालये संलग्न आहेत. खेळाच्या बाबतीत राज्यातील संलग्न महाविद्यालयांची विद्यापीठे सामान्यतः एकाच रीतीने चालतात. महाविद्यालये आपापले संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांना पाठवितात, त्या स्पर्धांतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो, काही दिवसांचे शिबिर भरते आणि संघ पश्चिम विभागाच्या किंवा अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेस रवाना होतो. जिंकून आला तर सत्कार होतो, हरून आला तर कोणी विचारीत नाही. पुढील वर्षी पुन्हा तोच क्रम.

या साऱ्या व्यवहारात विद्यापीठ खेळाडूची निवड करते. त्याला घडविते असे म्हणता येणार नाही. पेरणी, खुरपणी, पाणी देणे ही कामे दुसऱ्या कोणी करावयाची आणि सुगीच्या दिवशी विद्यापीठाने विळा घेऊन बांधावर उभे राहावयाचे, असा हा प्रकार आहे. मुलगा घरच्या भाकरीवर, गावच्या रस्त्यावर, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या बुटांवर तयार होतो. त्याच्या गळ्यात पदक पडले की ते विद्यापीठाचे पदक ठरते.

याचा सर्वांत बोलका पुरावा बीड जिल्ह्यात आहे. अविनाश साबळे हे आष्टी तालुक्यातील मांडव्याचे. घरची परिस्थिती गरिबीची, आईवडिलांनी वीटभट्टीवर काम केलेले, शाळा सहा किलोमीटर दूर आणि ते अंतर हा मुलगा पायी किंवा धावत काटावयाचा. बारावीनंतर ते सैन्यात गेले, महार रेजिमेंटमध्ये. सियाचीनची थंडी आणि राजस्थानचे वाळवंट पाहून झाल्यावर २०१५ च्या सुमारास सैन्यातील क्रॉसकंट्री शर्यतींत त्यांच्या पायांतील बळ कोणाच्या तरी ध्यानात आले. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत केनियाच्या धावपटूंची वर्षानुवर्षांची मक्तेदारी मोडून त्यांनी ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत रौप्यपदक मिळविले; २०२३ मध्ये हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत त्याच शर्यतीत सुवर्णपदक मिळविले. मराठवाड्याने अभिमानाने छाती फुगविली, ते योग्यच होते. परंतु साबळे यांची वाट विद्यापीठाच्या मैदानावरून गेली नाही. विद्यापीठाच्या कक्षेतील एका खेड्यात जागतिक दर्जाचा धावपटू वाढत होता आणि त्याला ओळखण्याचे काम पार हिमालयापलीकडच्या छावण्यांना करावे लागले.

लासूरहून रेल्वेने मनमाडकडे गेले की जवळच चांदवड तालुका लागतो. तेथील तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ विहिरी खोदण्याच्या कामावर मजुरी करीत. २०१२ मध्ये सैन्यात गेले, तेथे त्यांच्या हाती प्रथमच नौकेचे वल्हे आले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ते भारताचे नौकानयनपटू म्हणून उतरले. अवर्षणग्रस्त गावच्या माणसाने पाण्यावर देशाचे नाव नेले याचे कौतुक वृत्तपत्रांनी पुष्कळ केले. त्या मजुराला सैन्याने ओळखले, शिक्षणसंस्थांनी का ओळखले नाही, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही.

गरिबाच्या मुलाला खेळाडू होण्यासाठी बंदूक खांद्यावर घ्यावी लागते, हीच मुळात लोकशाहीला शोभणारी गोष्ट नाही. आता तर ते दारही अरुंद झाले आहे. १४ जून २०२२ रोजी जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत भरती चार वर्षांची असते आणि त्यांतील फार तर चौथा हिस्सा पुढे कायम होतो. अंगातील गुण सैन्यात उशिरा उमलले तर त्यांना फुलावयास वेळ मिळेलच, अशी शाश्वती आज कोण देईल? यास्तव विद्यापीठाची जबाबदारी पूर्वीपेक्षा वाढली आहे.

चषकांचा बाजार

विद्यापीठांच्या क्रीडाकर्तृत्वासाठी मौलाना अबुल कलाम आझाद चषक १९५६-५७ पासून दिला जातो. पहिल्या वर्षी तो मुंबई विद्यापीठाने मिळविला होता, हे आज मराठी वाचकास सांगूनही खरे वाटणार नाही. त्यानंतर दीर्घकाळ तो प्रामुख्याने पंजाबातील विद्यापीठांकडे राहिला. अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठाने तर तो वीसपेक्षा अधिक वेळा पटकाविला. ती सार्वजनिक विद्यापीठे होती. २०२४ चा चषक चंडीगड विद्यापीठ या खासगी विद्यापीठाकडे गेला आणि दुसरा क्रमांक लव्हली प्रोफेशनल विद्यापीठ या दुसऱ्या खासगी विद्यापीठाने मिळविला.

या बदलाचा अर्थ नीट समजून घ्यावयास हवा. देशभरातून तयार खेळाडू हेरावयाचे, शुल्कमाफी, निवास व भोजन देऊन त्यांना आपल्या नावावर खेळवावयाचे आणि त्यांच्या पदकांची जाहिरात करून हजारो इतर विद्यार्थ्यांकडून भरघोस शुल्क गोळा करावयाचे, हे एक चोख व्यापारी गणित आहे. त्या खेळाडूंना सवलती मिळतात याबद्दल आमची तक्रार नाही. उलट लासूरच्या एखाद्या गुणी मुलीस तसे निमंत्रण आले आणि ती गेली, तर तिला बोल लावण्याचा अधिकार आम्हास नाही. पण असे निमंत्रण अगोदरच पदक मिळविलेल्यास येते. ज्याच्यावर अद्याप कोणी एक पैसाही खर्च केलेला नाही, त्याच्याकडे बाजाराची दृष्टी वळत नाही.

या वाटेचा शेवट कोठे होतो हे पाहावयाचे असल्यास अमेरिकेकडे पाहावे. तेथे विद्यापीठीय खेळ हा अब्जावधी डॉलरांचा धंदा आहे. १९५५ मध्ये कोलोरॅडो राज्यातील एका महाविद्यालयाचा रे डेनिसन नावाचा फुटबॉलपटू सामन्यातील डोक्याच्या दुखापतीने मरण पावला. त्याच्या विधवेने कामगार नुकसानभरपाई मागितली. १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. महाविद्यालय फुटबॉलच्या व्यवसायात नाही असे कारण दिले गेले. त्याच काळात तेथील राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने 'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्द रूढ केला. खेळाडू हा कामगार ठरला तर भरपाई द्यावी लागेल, या भीतीतून तो शब्द आला, अशी कबुली त्या संघटनेचे तत्कालीन प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी पुढे १९९५ च्या आपल्या पुस्तकात दिली. २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्या संघटनेविरुद्ध निकाल दिला आणि २०२५ मध्ये मंजूर झालेल्या एका तडजोडीनंतर विद्यापीठे खेळाडूंना उत्पन्नाचा वाटा देऊ लागली. तो मिळावयास रे डेनिसनच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षे लागली. मात्र त्याच अमेरिकेने १९७२ मध्ये एक कायदा करून, सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत मुलींना खेळासह सर्व बाबतींत समान संधी देणे बंधनकारक केले, हेही येथे सांगितले पाहिजे. घ्यावयाचे तर ते घ्यावे. चषकांचा बाजार तेवढा उचलू नये.

पावती उघडून पाहा

क्रीडाविभागाची सबब नेहमी एकच असते: निधी नाही. ही सबब तपासावयास फार लांब जावे लागत नाही. प्रवेशाची पावती उघडून पाहावी. तीत क्रीडाशुल्क वा जिमखाना शुल्क अशा नावाची एक ओळ आढळते. समजा, ते शुल्क वर्षाला १०० रुपये आहे आणि महाविद्यालयात १००० विद्यार्थी आहेत. म्हणजे एक लाख रुपये झाले. त्या १००० विद्यार्थ्यांपैकी संघात जाणारे फार तर पंधरावीस. उरलेल्यांनी चेंडूला हातही न लावता शुल्क भरलेले असते. तो पैसा ऊसतोडणी मजुराचा आहे, कापूस वेचणाऱ्या बाईचा आहे, बाजार समितीत पोती उचलणाऱ्या हमालाचा आहे. त्याचा वर्षाअखेर हिशेब या माणसांसमोर कधी मांडला जातो काय?

हिशेब न मांडण्याचे परिणाम काय होतात, ते याच शहराने पाहिले. २०२४ च्या डिसेंबरात छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय क्रीडा संकुलाच्या बँक खात्यातून २१ कोटींहून अधिक रक्कम परस्पर वळविल्याचा गुन्हा नोंदविला गेला. मुख्य आरोपी हा महिना सुमारे १३ हजार रुपये वेतनावरील एक कंत्राटी कर्मचारी होता. न्यायालय काय ते ठरवील. परंतु मैदानासाठी ठेवलेले कोट्यवधी रुपये खात्यातून निघून जातात आणि ते महिनोन्‌महिने कोणाच्या ध्यानातही येत नाही, यावरून त्या पैशावर कोणाची नजर होती आणि कोणाची नव्हती हे पुरेसे स्पष्ट होते. खेळणाऱ्या मुलांची आणि त्यांच्या पालकांची नजर त्यावर असती, तर पहिल्या लाखालाच बोंब उठली असती. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के राखीव जागा आहेत. त्या मिळविण्यासाठी खोटी क्रीडाप्रमाणपत्रे दिली गेल्याची प्रकरणेही याच विभागात उघडकीस आली. ज्या दिवशी एक खोटे प्रमाणपत्र वटते, त्या दिवशी पहाटे उठून धावणाऱ्या एका खऱ्या मुलाची भाकरी हिसकावली जाते.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. राज्याचे क्रीडा विद्यापीठ औरंगाबादेस व्हावयाचे म्हणून एके काळी आशा दाखविली गेली. प्रत्यक्षात २०२० मध्ये कायदा झाला तो पुण्याच्या बालेवाडीत आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ स्थापण्याचा. जेथे क्रीडानगरी अगोदरच उभी होती तेथेच विद्यापीठ गेले. १९८३ मध्ये प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या सत्यशोधन समितीने प्रादेशिक असमतोलाचा विचार करताना रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य यांचा अनुशेष मोजला. मैदानाचा अनुशेष मात्र कोणी मोजला नाही. जे मोजलेच गेले नाही ते मागता येत नाही आणि जे मागितले गेले नाही ते मिळत नाही.

प्रवेशापूर्वी विचारावयाचे प्रश्न

तेव्हा लासूर स्टेशनच्या मुलीने प्रवेश घेण्यापूर्वी काय पाहावे? चषकांचे कपाट पाहू नये. पुढील सात गोष्टी विचाराव्यात.

पहिली गोष्ट मैदानाची. ते आहे काय, एवढे विचारून भागत नाही. ते वर्षातील किती दिवस आणि दिवसातील किती तास विद्यार्थ्यांना मोकळे असते ते विचारावे. विवाहसमारंभ, प्रदर्शने आणि पुढाऱ्यांच्या सभा यांना भाड्याने दिलेल्या मैदानावर मांडवाच्या खुंट्यांचे खड्डे राहतात आणि त्या खड्ड्यांत धावणाऱ्याचा घोटा मुरगळतो.

दुसरी गोष्ट शिक्षकाची. शारीरिक शिक्षण संचालकाचे पद भरलेले आहे की रिक्त? भरलेले असल्यास तो मैदानावर किती वेळ असतो आणि परीक्षा, निवडणुका, प्रवेश यांच्या कागदपत्रांत किती? तासिका तत्त्वावर राबणारा तरुण शिक्षक कितीही कळकळीचा असला, तरी पुढच्या वर्षी आपण येथे असू की नाही हेच ज्याला ठाऊक नाही, तो चार वर्षांचा खेळाडू कसा घडविणार?

तिसरी गोष्ट दिवसांची. निवडीपूर्वी किती दिवसांचा सराव, निवडीनंतर किती दिवसांचे शिबिर आणि स्पर्धा संपल्यावर उरलेल्या वर्षात काय? याचे उत्तर केवळ शिबिराच्या दिवसांवर थांबले, तर तेथे क्रीडाविभाग नाही, केवळ प्रवासाची व्यवस्था आहे असे समजावे.

चौथी गोष्ट दुखापतीची; आमच्या मते हीच सर्वांत मोठी. विद्यापीठाच्या नावाचा गणवेश अंगावर असताना गुडघ्याचा स्नायुबंध तुटला, तर शस्त्रक्रियेचा खर्च कोणी करावयाचा? विमा आहे काय, तो किती रकमेचा आणि तो मिळाल्याचे एक तरी उदाहरण आहे काय? कारखान्यात यंत्रावर बोट गेले तर कामगारास भरपाई मागण्याचा हक्क आहे. तो हक्क कामगारांनी लढून मिळविला. विद्यापीठासाठी पाय गमावणाऱ्या मुलीच्या हाती मात्र पुष्पगुच्छ पडतो. रे डेनिसनच्या विधवेचा प्रश्न अटलांटिकपलीकडचा आहे, अशा भ्रमात कोणी राहू नये.

पाचवी गोष्ट परीक्षेची. सत्रपद्धतीत स्पर्धा आणि परीक्षा एकाच आठवड्यात येण्याचे प्रसंग वाढले आहेत. अशा वेळी स्वतंत्र परीक्षेची लेखी तरतूद आहे की प्राचार्यांच्या मर्जीवर सारे अवलंबून आहे? राज्याने २०२३ पासून नव्या शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या अभ्यासक्रमात खेळाला श्रेयांक आहेत. ते मैदानावर मिळतात की वर्गात चार प्रश्नांची उत्तरे लिहून, हेही विचारावे.

सहावी गोष्ट मुलींची. सराव सायंकाळी संपतो आणि लासूरकडे जाणारी गाडी कोणासाठी थांबत नाही. वसतिगृह नसेल तर मुलीचा खेळ अंधार पडेपर्यंतच चालणार. कपडे बदलण्यास खोली, स्वच्छतागृह, शिबिरास व प्रवासास महिला प्रशिक्षक, आणि २०१३ च्या कायद्याप्रमाणे असलेल्या तक्रार समितीची माहिती प्रत्येक खेळाडूपर्यंत पोचलेली असणे, या गोष्टी सवलती नव्हेत. जानेवारी २०२३ मध्ये देशाच्या नामांकित महिला कुस्तीपटूंना जंतरमंतरच्या रस्त्यावर बसावे लागले. पदकविजेत्यांची ही दशा, तर खेड्यातून आलेल्या अनोळखी मुलीचे गाऱ्हाणे कोण ऐकणार? धाराशिवच्या सारिका काळे यांनी भारतीय खो-खो संघाचे नेतृत्व केले आणि २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. आपण जवळजवळ दशकभर दिवसातून एकदाच जेवत होतो, असे त्यांनीच नंतर सांगितले. त्यांचे धैर्य वंदनीय आहे. पण एका वेळच्या जेवणावर ज्यांना अर्जुन पुरस्कारापर्यंत पोचता आले नाही, अशा किती मुली वाटेतच थांबल्या असतील?

सातवी आणि शेवटची गोष्ट: पाच वर्षांपूर्वीच्या संघाचे छायाचित्र मागावे आणि त्यातील प्रत्येक जण आज कोठे आहे ते विचारावे. कोण शिकला, कोण नोकरीस लागला, कोण मोडक्या गुडघ्याने घरी बसला, कोणाचे लग्न लावून दिले गेले. ज्या संस्थेला हे सांगता येते ती संस्था विद्यार्थ्यास माणूस मानते. जिला चषकाचे वर्ष आठवते आणि खेळाडूचे नाव आठवत नाही, तिच्यापासून सावध राहावे.

आक्षेप आणि उत्तर

यावर तीन आक्षेप येतील. पहिला असा की उच्च दर्जाचे खेळाडू घडविणे हे भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे काम आहे. त्याचे केंद्र विद्यापीठाच्या परिसरातच आहे आणि विद्यापीठाने शिक्षण सांभाळावे. हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. प्राधिकरणाचे केंद्र निवडक खेळाडूंसाठी असते. आमचा आग्रह त्या कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या मुलासाठी आहे. साबळे जेव्हा शाळेची वाट तुडवीत होते तेव्हा तेही कोणाच्या निवडक यादीत नव्हते. तळ विस्तृत असेल तरच शिखर उंच होते. राष्ट्र सेवा दलाने १९४१ पासून गावोगावच्या शाखांवर सायंकाळी मुलामुलींना एकत्र खेळविले, ते पदकांसाठी नव्हे. जातीपातीची भिंत कबड्डीच्या पाटीवर आधी पडते, या श्रद्धेने.

दुसरा आक्षेप असा की गुणी मुले कोठेही चमकतात, त्यांस व्यवस्थेची गरज नसते. हे वाक्य ज्यांची पोटे भरलेली आहेत त्यांच्याच तोंडी ऐकू येते. खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाता यावे म्हणून कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्या गहाणखतावर आले. ही कथा आपण भाषणांतून पुन्हा पुन्हा सांगतो आणि डोळे पुसतो. वास्तविक ती ऐकून शरमेने मान खाली जावयास हवी. प्राचार्यांच्या घरावर ज्या देशाचे पदक अवलंबून असते, त्या देशात व्यवस्था नसते, फक्त चांगली माणसे असतात. आणि त्या पदकविजेत्याची आपण काय कदर केली? १९८४ मध्ये ते अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार त्यांना २००० सालचा, मरणोत्तर मिळाला.

तिसरा आक्षेप सर्वांत नवा आहे: विद्यार्थ्यास निवडीचे स्वातंत्र्य आहे, येथे सोय नसेल तर त्याने दुसरीकडे जावे. ज्याच्या खिशात पैसा आहे त्याला विद्यापीठ निवडता येते. लासूरच्या मुलीची निवड रेल्वेचा पास करतो. पोटूळ, दौलताबाद, छत्रपती संभाजीनगर. या तीन स्थानकांपलीकडे तिचे स्वातंत्र्य जात नाही. म्हणून चांगले विद्यापीठ शोधून काढणे हा तिच्यापुढील मार्ग नसून, तिच्या वाट्याला आलेले विद्यापीठ चांगले करून घेणे हाच मार्ग आहे. ते सार्वजनिक आहे, आपले आहे, आणि म्हणूनच त्याच्याशी भांडता येते.

काय करावयाचे

मागण्या फार नाहीत. प्रत्येक संलग्न महाविद्यालयाने प्रवेश सुरू होण्यापूर्वी एका पानाचे क्रीडा हिशेबपत्रक दारावर लावावे: किती शुल्क जमले, कशावर खर्च झाले, मैदान किती तास उघडे होते, शिक्षकाचे पद भरले आहे काय, किती विद्यार्थी खेळले, त्यांत मुली किती, किती जायबंदी झाले आणि त्यांच्यावर काय खर्च झाला. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील कलम ४ अन्वये सार्वजनिक संस्थांनी आपला कारभार स्वतःहून उघड करावयाचा असतोच. म्हणजे आम्ही कृपा मागत नाही, कायद्याचे पालन मागतो. विद्यापीठाने जायबंदी खेळाडूंसाठी स्वतंत्र निधी उभारावा आणि शारीरिक शिक्षण संचालकांची रिक्त पदे भरावीत यासाठी शासनास धारेवर धरावे. तालुक्यातालुक्यांत, लासूरसारख्या रेल्वेवरील गावी, आसपासच्या महाविद्यालयांनी मिळून एक मैदान वर्षभर चालवावे; तेथे संघात नसलेल्यासही खेळता यावे. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळाची तरतूद आहे आणि अधिसभेत पदवीधरांचे निवडून आलेले प्रतिनिधी असतात. मते मागावयास ते येतात, तेव्हा त्यांना क्रीडाशुल्काची पावती दाखवून प्रश्न विचारावा.

हे सारे होईल ते मुलांनी आणि पालकांनी मिळून विचारले तरच. बाजार समितीत मापात पाप झाले तर शेतकरी काटा अडवितो. महाविद्यालयाच्या दारात मात्र तोच शेतकरी हात जोडून उभा राहतो. त्याने तेथेही काटा तपासावा. उद्या पहाटे लासूरच्या रस्त्यावर मुले पुन्हा धावतील. त्यांच्या मागून ट्रकचे दिवे येतील आणि ती कडेच्या मातीत उतरून धावत राहतील. जवळच समृद्धी महामार्गासाठी शेकडो किलोमीटर जमीन मिळाली. या मुलांना धावण्यासाठी ४०० मीटर जमीन मिळत नाही, असे सांगणाऱ्यांवर आता कोणी विश्वास ठेवू नये.